मागचं वजन

बाबांनी गाडीचं इंजिन बदललं ते आईसाठी. गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. बस चालवायच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांनी तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून तिचं फिरतं घर केलं होतं. डॉक्टरांनी आता औषधं पुरे, घरीच ठेवा असं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, मला ताईकडे न्या. मावशी घाटाच्या वर राहते. माझी चिंगी अजून अंगावर पिणारी. आईला माझ्याकडून करून घ्यायचं जिवावर यायचं. ताईपुढे कण्हायची लाज वाटत नाही, म्हणाली.

जुनं इंजिन चढाला तापायचं. म्हणून गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मोडीत निघालेल्या एका छोट्या ट्रकचं डिझेल इंजिन गाडीला बसवून दिलं. पहिल्याच दिवशी गाडी टेकडीचा रस्ता अशी काही चढली की बाबा पोरासारखे हसले. पण टाकी भरायला गेले आणि चेहरा उतरला. आधी लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी आता नऊवर आली होती.

"काका, पैलवान घरात आणायचा आणि त्याचे घास मोजायचे, असं नाही चालत," मिस्त्री म्हणाले.

बाबांना पटेना. टाकी काठोकाठ भरायची, फेरी मारायची, पुन्हा भरून हिशेब करायचा, असं सुरू झालं. प्रत्येक फेरीला आई मागे पलंगावर. जाताना ती असणारच, तर वजन खरं हवं, हे बाबांचं म्हणणं. टायरमधली हवा, डिझेलचा पंप, मागच्या स्प्रिंगा, काही सोडलं नाही. नऊचे दहा झाले, मग त्याच्याही थोडं वर गेलं. अजून जरा सुधारतंय, मग निघू, असं ते दर वेळी म्हणत. मावशी फोनवर मला चिडवायची, की तुझा बाप काय विमान बांधतोय का, माझ्या धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला आल्या.

आई सुरुवातीला गाडीतून स्वतःची स्वतः उतरायची. मग मी हात द्यायला लागले. मग बाबाच तिला उचलून आणू लागले.

असंच एकदा त्यांनी उचललं, तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "अहो, गाडी चढते हे मला पहिल्याच दिवशी कळलंय. परत घाट उतरताना मी नसणार, म्हणून तुमचा पाय निघत नाहीये."

मी चिंगीला थोपटत दाराशी उभी होते. बाबांनी आईला पलंगावर ठेवलं, पांघरूण नीट केलं, पायाकडून पुन्हा नीट केलं.

"उद्या सकाळी निघू," ते म्हणाले.

गाडी घाट एका दमात चढली. मावशी अंगणातच उभी होती. किती गं वाळलीस, म्हणत तिनेच आईला पोटाशी धरून आत नेलं. त्यानंतर आई फार दिवस नव्हती. पण जेवढे होती तेवढे ताईच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त कण्हली, कधी दोघी लहानपणीच्या कसल्याशा भांडणावरून हसत बसायच्या. बाबा अंगणात गाडीत झोपायचे आणि दिवसभर आईच्या उशाशी असायचे.

सगळं आटोपून आम्ही निघालो. मी पुढे बाबांच्या शेजारी, मांडीवर चिंगी. घाट उतरायला लागलो तशी गाडी मागून उड्या मारायला लागली. भांडी आदळत होती, प्रत्येक वळणाला मागची चाकं सरकल्यासारखी वाटत होती. नवं इंजिन जड, सगळा भार पुढे. आणि बाबांनी सगळी जुळवाजुळव आई मागे असताना केलेली. रिकामी गाडी कशी चालते, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून आरशातून मागच्या पलंगाकडे पाहिलं.

"तू जरा मागे बसतेस का, बाळ?"

मी चिंगीला घेऊन मागे गेले. पलंगावर, भिंतीला टेकून तिला पाजायला घेतलं.

"बसलीस नीट?"

"बसले, बाबा."

गाडी बरीच सरळ चालायला लागली. तरी खालचा सपाट रस्ता लागेपर्यंत, आणि लागल्यावरही, त्यांनी वेग वाढवला नाही.