चमच्यावर चालणारी म्हातारी

खण्णकन चमचा फरशीवर पडला आणि माझ्या मांडीवर नुकताच डोळा लागलेलं बाळ दचकलं. स्टुलावर चढून खिळ्याला टांगलेला चमचा काढायला गेलेली माझी थोरली लेक जीभ चावून उभी.

"आजोबांनी मागितलाय," ती कुजबुजली. "पण हा मोडका आहे."

"मोडका नाही गं. ट्रॅक्टरची चावी आहे ती."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मलाच कुणीतरी झोपवायला हवं.

पण खरंच होतं ते. मूळ चावी हरवली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वयंपाकघरातला चमचा उचलला, त्याचा दांडा कानशीने घासून चपटा केला आणि आमची म्हातारी खोकत उठली. म्हातारी म्हणजे ट्रॅक्टर. आप्पांनी घेतला तेव्हाच तो कुणाचा तरी वापरून झालेला होता. आई अजून ऐकवते, "लोकांच्या घरी चमच्यानं साखर ढवळतात."

त्याच चमच्यावर मी चालवायला शिकले. पाय जेमतेम क्लचला पोचत होते. आप्पा शेजारी मडगार्डवर बसले आणि म्हणाले, "आता हळूच सोड."

क्लच हा शब्द म्हणायचा राहिला. मी आज्ञाधारक मुलगी. दोन्ही हातांनी हळूच स्टिअरिंग सोडलं. म्हातारी जागची हलेना.

"अगं, सोड ना!"

आता सोडायला पायच उरला होता. म्हातारीने उडी मारली, वाळत घातलेली चादर घुंगटासारखी तोंडावर ओढून घेतली आणि गवताच्या गंजीत जाऊन विसावली. आई धावत आली. आम्ही दोघं धड आहोत हे बघून मग म्हणाली, "धुतलेली होती ती!"

त्यानंतरची गंमत ट्रॉलीची. आप्पा मागे पोत्यांवर बसले होते आणि मी एकटी पुढे, मान ताठ करून. म्हातारी कशी हलकी फुलासारखी पळत होती! घरी येऊन ऐटीत थांबले.

"बाप कुठाय?" आईने विचारलं.

मागे वळून पाहिलं तर ट्रॉलीच नाही. जोडणीची पिन नीट बसवलीच नव्हती मी. धावत गेले, तर मधल्या चढावर ट्रॉली पुढची दांडी मातीत रुतवून उभी आणि आप्पा पोत्यांवर बसून पाय हलवतायत.

"हाक का नाही मारली?"

"एवढी छान चालवत होतीस," ते म्हणाले, "म्हटलं, कशाला मोडता घाला."

आता आप्पांचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. म्हातारी पलीकडच्या रोपांच्या नर्सरीवाल्याला द्यायची ठरली होती. बाळाला घेऊन मी लेकीमागोमाग अंगणात आले, तेव्हा तो साखळी घेऊन उभा होता.

"ओढूनच नेतो, काका. कशाला त्रास?"

"ओढून? मेलीय का ती? चालत आली, चालत जाईल." आप्पांनी माझ्या लेकीच्या हातातला चमचा घेऊन माझ्यापुढे धरला. "फाटकापर्यंत तू ने."

"आप्पा, किती वर्षं झाली! विसरले असेन मी."

"बाळ दे इकडं," आई म्हणाली. "आणि आज दोरीवर काही नाहीये."

नर्सरीवाल्याच्या खांद्याचा आधार घेत, दातओठ खात आप्पा मडगार्डवर चढले. मी चमचा फिरवला. म्हातारी खोकली, गप्प झाली, पुन्हा खोकली आणि काळा धूर सोडून थरथरायला लागली. ती थरथर टाचेतून वर चढली तशी माझ्या पायाला आपोआप सगळं आठवलं.

"हळूच सोड," आप्पा म्हणाले. मग घाईघाईने, "क्लच!"

आम्ही दोघं इतके हसलो, की मागून पळणारी लेकही काही न कळता खिदळायला लागली. गोठा मागे पडला, पाण्याची टाकी मागे पडली. एकही खांब न पाडता मी फाटकाशी थांबले आणि खाली उतरले.

आप्पा उतरेनात. दोन्ही हात मडगार्डच्या कडेवर घट्ट. नर्सरीवाला बिचारा आकाशाकडे बघायला लागला.

"आप्पा," मी हळूच म्हटलं, "सोडा आता."

"काय, क्लच?" ते म्हणाले. आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उतरले.

नर्सरीवाला चढून बसला. एकदा सुरू झाली की चमचा काढला तरी म्हातारी चालत राहते. त्याने तो काढून आप्पांना दिला. "मी नवीन स्विच बसवणार आहे, काका. हा राहू द्या घरातला घरात."

म्हातारी रस्त्याला लागली. वळणाआड जाईपर्यंत आप्पा बघत राहिले.

"छान चालवतोय," ते म्हणाले. हाक काही मारली नाही.

मग त्यांनी चमचा सदऱ्याला पुसला आणि नातीच्या हातात ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला, दांड्याची धार बोटाने चाचपली.

"आई," तिने मान वर करून विचारलं, "मग आता ह्यानं काय चालू होतं?"

आप्पाही माझ्याकडेच बघत होते.