दोरीबाहेरचे शेंगदाणे

मी एक रिकामं खोकं आहे, लोणावळ्याच्या चिक्कीचं. पण काही दिवस माझ्या पोटात अख्खं विश्व मावलं होतं.

वडिवळ्याची समीक्षा सातवीत होती. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं मला आतून काळा कागद लावला आणि पांढरे धागे ताणले. "आई, विश्वात असेच लांबच लांब धागे असतात. बहुतेक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, त्यांच्यावरच वसल्यात." लहान दीर्घिकांना तिनं तांदूळ चिकटवले, मोठ्यांना शेंगदाणे. दीर्घिका ज्या आसावर फिरते, त्याची दिशा दाण्यानं दाखवायची. लहानांचा आस बहुतेक धाग्याच्या रोखानं असतो, मोठ्यांचा बहुतेक आडवा. म्हणून तांदूळ धाग्यालगत, शेंगदाणे आडवे.

तिची आई अमृता हूं हूं करत होती. तिच्या डोक्यात आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं बोलणं फिरत होतं. "पयला नंबर आण, मंग आठवीला कामशेतच्या शाळंत धाडू. न्हाईतर हितं कामं काय थोडी हायेत?" अमृताची शाळाही सातवीलाच सुटलेली.

प्रदर्शनाच्या सकाळी समीक्षा वेणी घालायला गेली. अमृतानं मला उचलून आत पाहिलं. अगं बाई, किती वाकडंतिकडं! ती भाताची लावणी दोरी ताणून, तिच्या ओळीत करायची. दोरीबाहेर गेलेलं रोप हात आपोआप ओळीत आणायचे. तिनं एकेक शेंगदाणा सोडवून धाग्यालगत नीट लावला.

परीक्षकांनी विचारलं. समीक्षा माझ्याकडे न बघताच घडाघडा बोलली, "मोठ्या दीर्घिका आडव्या असतात, सर."

"मग इथं का नाहीत?"

तिनं माझ्यात पाहिलं. मग दाराशी उभ्या आईकडे पाहिलं.

"चुकलं माझं, सर," ती म्हणाली.

पहिला नंबर आला नाही. आता मी माळ्यावर आहे. धागे लोंबतात, बरेचसे दाणे उंदरांनी नेले. शाळा सुरू होऊन महिना झाला. समीक्षा लावणीला जाते.

आज अमृता शिडी चढून आली. उरलेला एक शेंगदाणा तिनं नखानं सोडवला आणि धाग्यावर आडवा धरला. डिंक कधीच सुकला होता. ती तशीच धरून बसली.

बाई, दाणा राहू दे. आबा ओसरीवरच आहेत. खाली जा आणि सांग त्यांना, पोरीचं नव्हतं चुकलं.

तेवढ्यात खालून समीक्षाची हाक आली, "आई, दोरी कुटं ठेवलीस गं?"

अमृता खाली उतरली. मी कान दिला. फक्त दोरी खुंटीवरून काढल्याचा आवाज आला.