भाजलेली पत्रं

मी पत्रं भाजणारी भट्टी बोलतेय. पाव भाजणाऱ्या माझ्या बहिणींना निदान सुवास तरी लाभला. माझ्या वाट्याला आली माणसांची भीती, तीही सरकारी हुकमाने.

अमेरिकेतल्या लुईझियानात, मिसिसिपी नदीच्या बांधाआड, कुष्ठरोग्यांचं एक इस्पितळ होतं. भोवती काटेरी तारांचं कुंपण. आतल्यांना बाहेर पाऊल टाकायची बंदी. बाहेर जायची ती फक्त त्यांची पत्रं, तीही रोगाचे जंतू मरावेत म्हणून माझ्या पोटात होरपळून निघाल्यावर.

टपालाचा कारकून ओव्हीद जाड हातमोजे घालून पत्रं माझ्यात सरकवायचा आणि त्याच हातमोज्यांनी कान खाजवायचा. मोठा शहाणा माणूस! रोज हजारो डास कुंपणावरून ये-जा करायचे, त्यांना कुणी भाजलं नाही. रोग्यांच्या जखमा बांधणाऱ्या नन्सपैकी एकीलाही वर्षानुवर्षं काही झालं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पण दिसलेलं मानायचं तर हुकूम बदलावा लागला असता.

१९३१ साली क्लेमांस आर्सेनो आली. कोळंबी पकडणाऱ्याची विधवा, दंडावर एक बधिर चट्टा, एवढाच तिचा गुन्हा. शेरीफने तिला गाडीच्या मागच्या फळीवर बसवून आणलं आणि ती उतरताच फळी गरम पाण्याने धुऊन घेतली. तिची सहा वर्षांची लेक लेओनी मागे राहिली, क्लेमांसच्या बहिणीकडे, उर्झूलकडे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्लेमांस लेकीला पत्र लिहायची. ओल्या केसांची वेणी घालू नकोस, मावशीला उलट बोलू नकोस, दात पडला का? भाजता भाजता मी सगळी वाचली. पुढे तिची बोटं वाकली, अक्षर वाकलं, सोमवार मात्र चुकला नाही. उत्तर एकाचंही आलं नाही.

ओव्हीद एकदा म्हणाला, "बाई, कशाला कागद नासता? तिकडे कोण वाचतंय?"

"तुम्ही भाजायचं बघा," ती म्हणाली. "लिहायचं मी बघते."

तेरा वर्षांनी लेओनी इस्पितळाच्या दारात उभी राहिली. काखेत स्वयंपाकाच्या चरबीचा जुना डबा, त्यात दीडशेच्या वर पत्रं, एकही फोडलेलं नाही. उर्झूलने पोरीला सांगितलं होतं की आई तापाने गेली. पत्रं तिने दिली नाहीत आणि जाळलीही नाहीत. धुरातून रोग पसरेल म्हणे! चिमट्याने उचलून डब्यात टाकायची आणि डबा शेडमध्ये. त्या वर्षी ती वारली, आणि शेड झाडताना लेओनीला तो सापडला. उर्झूलबाईंच्या हातून आयुष्यात घडलेलं हे एकच भलं काम, तेही भित्रेपणामुळे.

भेट टपालाच्या खोलीतच झाली. मध्ये लांब टेबल. दोघींनी दोन टोकांना बसायचं, असा नियम. क्लेमांस बराच वेळ त्या परक्या तरुण बाईकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "वाचलीस?"

"नाही," लेओनी म्हणाली. "तू वाचून दाखव. मला तुझा आवाज आठवत नाही."

क्लेमांसच्या बोटांना पाकीट फाडता येईना. लेओनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने एकेक पाकीट फाडून दिलं. ओव्हीदने नियम सांगितला. दोघींनी मान वर केली नाही.

निघताना ओव्हीदने डबा मागितला. बाहेर जाणारी वस्तू पुन्हा भाजावी लागेल, म्हणाला. लेओनीने आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"हेही तिला लागलेत. हेही घाला आत."

त्याने माझं दार उघडलं नाही.

पुढे नव्या औषधाचा गुण येऊ लागला. चार-पाच वर्षांत क्लेमांस बरी होऊन लेकीच्या घरी गेली. मला मात्र त्यानंतरही कैक वर्षं तापवत ठेवलं. रोग हटला तरी अक्कल यायला वेळ लागतो.

आता मी एका प्रदर्शनात उभी आहे. लोक येतात, हळहळतात, माझ्या दारावर हात ठेवतात. आणि पुढे जाता जाता, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, तो हात पँटला पुसतात.

मी उभा जन्म आगीत काढला आहे. एवढं करा, निदान माझ्यासमोर तरी हात पुसू नका.