उभ्याने काढलेला फोटो

खोलीत एक लोखंडी टेबल. शिशाचे दोन एप्रन, त्यांतला एक खांद्याला उसवलेला. फोटोची फिल्म घालायच्या पाच कॅसेटी. भिंतीवर फोटो बघायची उजेडाची पेटी, तिच्या दोन नळ्यांपैकी एकच चालू. दाराबाहेरच्या बाकावर अकरा माणसे, त्यांतली नऊ गुडघे धरून बसलेली. आणि वर, खांबाला अडकवलेले मी. मित्रांनो, पेणच्या एका लहानशा ट्रस्टच्या दवाखान्यातले मी एकोणीस वर्षांचे एक्स-रे यंत्र आहे.

माझी उमेदीची बारा वर्षे रोह्यातल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात गेली. शिफ्ट सुटली की कामगार रांगेने यायचे आणि मी त्यांच्या छातीचे फोटो काढायचे. तिथले डॉक्टर पाहुण्यांना मला मुद्दाम दाखवत. मग तिथे नवे डिजिटल यंत्र आले आणि मला टेम्पोत घालून पेणला पाठवले. नागोठण्याच्या अलीकडे टेम्पो खड्ड्यात आदळला आणि माझा खांब खालच्या बाजूला वाकला. तेव्हापासून माझी किरण सोडणारी नळी जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरच्या खाली उतरत नाही. दोनदा दुरुस्तीचा विषय निघाला. छातीचे फोटो निघतायत ना, मग राहू दे, असे दोन्ही वेळा ठरले.

छाती उंचावर असते. गुडघा मात्र पंचेचाळीस सेंटिमीटरवर असतो.

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. ती माझ्या किरणांना दिसत नाही. मला दिसते ती हाडांमधली फट. फट जेवढी, तेवढी गादी शिल्लक, असे धरतात. पण माणूस उभा असला, अंगाचा भार गुडघ्यावर आला, तरच ती फट खरी दिसते. आडवे झाले की भार उतरतो, हाडे सैल पडतात आणि झिजलेला गुडघाही धडधाकट दिसू शकतो.

उभ्याने फोटो काढायचा तर माणसाला उंच स्टुलावर चढवावे लागे. आमचे टेक्निशियन दिनेशदादा यांना ते बघवत नसे. धरमतरकडची माणसे बांधावरून चालत येऊन सकाळची पहिली एसटी पकडत. दारात पोचेपर्यंत त्यांचा जीव अर्धा झालेला असे. दिनेशदादा म्हणत, "कशाला चढतेस, मावशे? टेबलावर पड. पाठ टेक जरा." सगळे त्यांना देवमाणूस म्हणत.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत धोंडुबाई आली. वीस वर्षे मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहणारी. तिला औषध नको होते, चिठ्ठी हवी होती. डॉक्टरांची चिठ्ठी आणलीस तर बसून गोण्या शिवायचे काम देतो, असे पोपट मुकादमाने तिला सांगितले होते. सोबत तिची जाऊ चंद्रावती होती.

"निज गो, निज. फुकटचा पलंग हाय," चंद्रावती हसली. "घरी कदी दिवसाची पडलीस?"

धोंडुबाईने वर माझ्याकडे बघत विचारले, "भाऊ, फोटूत दुखनं दिसंल ना?"

"जे हाय ते दिसतं, मावशे," दिनेशदादा म्हणाले.

त्या आडव्या फोटोत आतल्या बाजूची फट चार मिलिमीटर भरली. डॉक्टर म्हणाले, "गुडघा चांगला आहे. तेल लावा." चिठ्ठी मिळाली नाही.

मागच्या महिन्यात रोह्याची मृणाली इथे कामाला लागली. पदार्थविज्ञान शिकलेली मुलगी. गुडघ्याचा प्रत्येक फोटो ती पट्टीने मोजते आणि आकडा वहीत उतरवते. जुने फोटो मोजताना ती थांबली.

"दादा, ज्यांना उभंही राहता येत नाही, त्यांची फट चार कशी? हे सगळे निजवून काढलेत?"

"चढताना कळवळतात गो त्या," दिनेशदादा म्हणाले. मग तिने त्यांना कारण समजावले. ते कपाटाकडे बघत खाली बसले. त्या कपाटात गुडघ्यांचे तीनशे बारा फोटो आहेत. सगळे आडवे.

मृणालीने एकेकाला परत बोलावले. काल धोंडुबाई आली. हातात काठी, उजवा पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेला.

चंद्रावती आता हसत नव्हती. "मुकादम सगल्यांच्या देखत बोलला, फोटूच सांगतो तुजं ढोंग हाय. मंग घरातली पोरं पन तेच बोलाय लागली. हिनं तोंड मिटलं आनि टोपली उचलली. तीन वर्सं."

"चिठ्ठी देऊ का आता, मावशी?" मृणालीने विचारले.

"आता कशाला? मिठावर जायाचं संपलं माजं," धोंडुबाई म्हणाली. "खरं काय ते सांग. मी ढोंग करत व्हते का?"

मित्रांनो, मी खोटे काही उमटवले नव्हते. मला जसे दाखवले तसेच मी उमटवले. पहिल्या दिवशी तिला उभे केले असते तर किती फट भरली असती, हे आता कोणालाच मोजता येणार नाही. म्हणून एवढेच मागते. यंत्र चालू आहे म्हणून त्याचा मोडलेला भाग तसाच ठेवू नका. आणि दुखते असे कोणी म्हणाले, तर फोटोच्या आधी त्या माणसाला चालताना बघा.

दिनेशदादांनी एप्रन घातला, धोंडुबाईला दोन्ही हातांनी धरून स्टुलावर चढवले आणि खांद्याला आधार देऊन तिथेच थांबले. ती ओरडली नाही. मृणालीने बटण दाबले. फोटो धुऊन वाळवला. मग मृणालीने तो पेटीवर लावला, पट्टी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली आणि आकडा वाचून दाखवत वहीत लिहिला.

धोंडुबाई, वय एकावन्न. उजवा गुडघा, उभ्याने, आतली बाजू : शून्य मिलिमीटर.