कोपरा आत मुडपलेली पुडी

"हात दाखव पोरी, लोकांना हात दाखव!" उजेडबाबा ओरडले आणि माझ्या धाकट्या बहिणीने दोन्ही तळवे वर केले. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक बाकांवर चढून बघत होते. सहा महिन्यांपूर्वी याच तळव्यांच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या होत्या. हिरड्यांवर डाग, कोपरं करपलेली. आता सगळं साफ!

"हिच्या अंगात सावली शिरली होती," बाबा म्हणाले. "माझ्या राखेनं तिला हाकललं. आधी हिरड्यांतून निघाली, मग तळव्यांतून. सावलीलासुद्धा दार लागतं, बाळांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत उभा राहून सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता आमचा मधला, म्हणजे माझा भाऊ.

मी मात्र हाताची घडी घालून बसले होते. मी कापड रंगवणारी बाई. रंग आपोआप चढत नाही आणि आपोआप उतरतही नाही, एवढं मला पंचवीस वर्षांत कळलंय. पण पोरगी खरंच सुधारली होती, त्याचं काय करू? धाकटी माझ्याच कारखान्यात कामाला. वर्षभर नुसती वाळत चालली होती. उभी राहिली की चक्कर. रंग पक्का करायला आणलेल्या मिठाच्या पोत्यात हात घालून चिमूट चिमूट मीठ खायची. मी ओरडायचे, "अगं बाई, ते कापडासाठी आहे!" मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर मधला म्हणाला, "ताई, आधी बाबांकडे." तो कंपाउंडर. औषधातलं त्याला कळतं, म्हणून मी ऐकलं. राखेच्या पुड्या सुरू झाल्या. पुडी कुणाला दाखवायची नाही, अशी बाबांची अट. आठवड्यात धाकटी पोटभर जेवायला लागली, म्हणून मीही पुढे चालू दिलं.

"आता शेवटची परीक्षा!" बाबांनी हात उंचावला. "आजपासून पुडी बंद. विश्वास पक्का असेल तर पुडी कशाला हवी?"

धाकटीने बाबांकडे नाही, मधल्याकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत होता. तिने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओल्या कापडाचा पीळ हातात असतानाच ती कोसळली. उलट्या, अंग बर्फासारखं गार. माल पोचवायच्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणतं औषध चालू होतं?"

"औषध नाही हो, राख."

तिच्या पिशवीत एक पुडी उरली होती, ती मी दिली. बाईंनी आधी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं आणि राख तपासायला पाठवली. राखेत स्टिरॉइडची गोळी कुटलेली निघाली.

"मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या हिच्या निकामी झाल्यात," बाई म्हणाल्या. "त्यांचं संप्रेरक कमी पडलं, की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी हाका मारत सुटते, बनवा, अजून बनवा! त्या हाकेबरोबरच कातडीतल्या रंगपेशींना चेतवणारं संप्रेरकही वाढतं. मेलॅनोसाइट स्टिम्युलेटिंग हार्मोन म्हणतात त्याला. म्हणून तळवे आणि हिरड्या काळवंडल्या. गोळीने उणीव भरली, हाका थांबल्या, रंग उतरला."

"म्हणजे औषध बरोबरच होतं?"

"म्हणून तर चमत्कार झाला! पण नाव लपवलं आणि एका दिवसात बंद केलं. ही गोळी अशी तोडली तर जीव जातो. हिचा जाता जाता राहिला."

"आणि बाबांकडे बाकीच्यांची सांधेदुखी, दमा बरा होतो तो?"

"तीच गोळी असणार. आधी बरं वाटतं, मग हाडं पोखरते."

त्यांनी पुडीचा कागद परत दिला आणि मी त्याच्या घड्या निरखून बघितल्या. आमचे वडीलही कंपाउंडर. लहानपणी आम्हा तिघांना मीठ घेऊन पुड्या बांधायला शिकवायचे. "शेवटचा कोपरा आत मुडपा, सांडणार नाही." मधला डावखुरा, त्याचा कोपरा नेहमी उलट्या बाजूने आत जायचा. हा कागद तसाच मुडपलेला होता.

पुढच्या सभेला मी डॉक्टरीणबाईंना घेऊन गेले. त्यांनी तपासणीचा कागद वाचून दाखवला. बाबा हसले, "यंत्राला श्रद्धा काय कळणार?" मी व्यासपीठावर चढले आणि मधल्याच्या हातात कोरा कागद दिला.

"बांध पुडी."

"ताई, इथे नको..."

"बांध म्हणते ना!"

त्याने बांधली. ती आणि दवाखान्यातून आणलेली जुनी, दोन्ही पुड्या शेजारीशेजारी धरून मी पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत फिरवल्या. लोकांना समजावून सांगावं लागलं नाही. बाबा मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे दम्याची एक म्हातारी काठी आडवी धरून उभी होती.

"का रे केलंस?" मी विचारलं.

"इथे सगळे मला डॉक्टर म्हणतात, ताई."

"गोळी एकदम थांबवायची नसते, ठाऊक होतं तुला?"

"हो."

"मग टाळ्या का पिटल्यास?"

"सगळे बघत होते." मेल्याने मान खाली घातली. माझं रक्त उकळत होतं आणि रडूही येत होतं.

धाकटी आता बरी आहे. गोळी जन्मभर घ्यायची आहे. रोज पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचते, मगच गिळते. एकदा मी तिला चिडून म्हटलं, "त्या भोंदूवर तू इतका विश्वास ठेवलास तरी कसा?"

"बाबावर कुठे ठेवला, ताई? पहिल्याच दिवशी घडी ओळखली मी. दादाने बांधलंय, म्हणून डोळे मिटून घेत होते."

मंडळी, कातडीचा रंग का बदलला, हे डॉक्टरांना विचारा. आणि कुणी काहीही गिळायला दिलं, तर आधी त्याचं नाव विचारा. देणारा सख्खा भाऊ असला तरी विचारा.