राजाबाईंच्या पथ्यातली कालामासी

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. माझी पिसं काळी, तुरा काळा, मांससुद्धा काळं. म्हणून सरदारपूरकडचे भिल्ल आमच्या जातीला ‘कालामासी’ म्हणतात. आमचं मांस फार ताकदीचं, असं जो तो सांगतो. हे कौतुक कानावर पडलं की मी मात्र कोपरा धरते.

मला आणि माझ्या बहिणीला सरदारपूरच्या हाटातून धारला आणलं ते दत्ताजीरावांनी. ते संस्थानाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. त्यांच्या पत्नी राजाबाई विषमज्वरातून नुकत्याच वाचल्या होत्या. ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. डॉक्टर नीलकंठरावांनी तूर्त फक्त पेज आणि मऊ भात सांगितला होता. राजाबाईंना पेजेचा अगदी वीट आला होता.

“मला ती चुऱ्यातली कोंबडी खायचीय,” एक दिवस त्या म्हणाल्या. “इंदूरला खाल्ली होती तशी.”

घरचा आचारी मालोजी पूर्वी सरदारपूरच्या छावणीत साहेबांच्या खानसाम्याच्या हाताखाली होता. डबलरोटी म्हणजे पाव वाळवून त्याचा चुरा करायचा, कोंबडीचे तुकडे फेटलेल्या अंड्यात बुडवून त्यात घोळवायचे आणि कढत तुपात तळायचे, हे त्याला येत होतं. तरी तो चाचरला.

“सरकार, डाक्टरसाहेबांना एकदा विचारून घ्या ना.”

“कोंबडीत ताकद, अंड्यात ताकद, तुपात ताकद. मग अपाय कसला?” दत्ताजीराव म्हणाले. “तिचे हात बघ, काड्या झाल्यात नुसत्या.”

आमच्यावर पालथं घातलेलं डालगं उचललं गेलं. मी भिंतीला चिकटले, आणि मालोजीचा हात बहिणीवर पडला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात तूप तडतडू लागलं.

राजाबाई पोटभर जेवल्या. कितीतरी दिवसांनी हसल्याही. पण दुसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत अंग पुन्हा तापलं. दत्ताजीरावांनी डॉक्टरांना काहीएक न लपवता सगळं सांगितलं.

“मी मांस खात नाही, पण कोंबडीला नावं ठेवणार नाही,” नीलकंठराव म्हणाले. “तिच्यात बळ आहेच. दिवसभर घोड्यावर असणाऱ्या तुम्हाला ती कधीमधी पचेल. पण तो चुरा तूप पितो, दत्ताजीराव. तळलेलं ते कवच यांच्या आतड्यांनी कसं सोसावं? ताप गेला तरी आतडी अजून हळवी आहेत. ती फाटली असती तर...” त्यांनी राजाबाईंचं पांघरूण सारखं केलं. “ताटात बळ किती ते मोजू नका. पचेल किती ते बघा.”

ते दिवस फार वाईट गेले. दत्ताजीराव अंगणात येरझाऱ्या घालत. त्यांची पावलं जवळ आली की मी दाण्यावरची चोच उचलत असे. अखेर ताप उतरला. मग डॉक्टरांनी मुगाचं कढण सांगितलं आणि सोबत रोज एक मऊ उकडलेलं अंडं.

“आणि अंडं नाही मिळालं तर?” दत्ताजीरावांनी विचारलं.

“तर कोंबडीचं पातळ सार द्या.”

मित्रांनो, हे ऐकल्यापासून मला अंडं होईना. मी पेंढ्यावर बसून राही, जीव गोळा करी, पण व्यर्थ. शेवटी दत्ताजीराव म्हणाले, “मालोजी, सारच कर.” मालोजीनं मला पंखांना धरून उचललं. ओसरीवर बाजेवर पडलेल्या राजाबाईंनी ते पाहिलं.

“थांब रे! केवढी थरथरतेय ती. भ्यालेल्या जिवाचं पोट काम करतं का? मला विचार, घास घ्यायचीच धास्ती बसलीय. इकडे आण तिला.”

माझं डालगं त्यांच्या बाजेपाशी, उन्हात आलं. त्या मला तळहातावर ज्वारी देत. आधी मी जवळ जाईना. त्याही कढणाची वाटी हातात धरून बसून राहत. मी एक दाणा टिपला की त्या एक घोट कढण घेत. असं हळूहळू आम्ही दोघी पुन्हा खायला शिकलो. मग एका सकाळी पेंढ्यात माझं अंडं होतं, ऊन ऊन.

“झालं गं बाई!” राजाबाई ओरडल्या. इतका खणखणीत आवाज त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

त्या पुढे चांगल्या बऱ्या झाल्या. दसऱ्याला त्यांनी चुऱ्यातली कोंबडी हौसेनं खाल्ली आणि ती त्यांना पचलीही. मी त्या दिवशी डालग्याबाहेर आले नाही.

आता माझं अंडं देणं कधीच थांबलंय. परवा नवी सून इंदिराबाई दाणे टाकता टाकता म्हणाली, “आत्याबाई, ही आता कशाला ठेवायची? नुसतीच खाते.” मी टिपलेला दाणा खाली टाकला.

मित्रांनो, कुणाला वाढताना आधी त्याच्या पोटाचं ऐका. आणि ज्यानं तुम्हाला दिलं, त्याचं देणं सरल्यावरही त्याला दाणा घाला. मी हे बोलू शकले नाही. राजाबाई बोलल्या.

“राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “घरातली सगळीच तोंडं कमावती नसतात.”

आणि इंदिराबाईनं आणखी एक मूठ ज्वारी टाकली.