माझ्या पोटात अडकलेला लेख

मित्रांनो, कालुंदा मिशनच्या दवाखान्यात औषधांच्या खोलीला लागून एक छोटेसे कार्यालय आहे. तिथे खिडकीखाली, तोंडावर जुना टॉवेल टाकलेला एक पिवळट संगणक तुम्हाला दिसला, तर तो मीच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी एका थंड शहरात विमा कंपनीच्या कचेरीत होतो. तिथे दिवसभर आकड्यांशी गाठ. मी जरा मंदावलो, तसे त्यांनी मला पुसले, खोक्यात घातले आणि दान म्हणून जहाजावर चढवले. झांबियाच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी मी आलो तो ट्रकमधल्या सुक्या मासळीच्या पोत्यांवर बसून. अजूनही मी तापलो की मासळीचा वास सुटतो, असे इथला कारकून बा जेरे सांगतो. ('बा' हे इथे नावाआधी मानाने लावतात.)

पहिल्या दिवशी माझे केवढे कौतुक झाले! नर्सबाई गाणे म्हणतच आल्या. डॉ. मुताले यांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाच्या टोकाने माझी काच पुसली. या बाई उंच, हाताच्या हलक्या आणि जिभेच्या तिखट. त्या बेम्बा आणि बा जेरे न्गोनी. या दोन जमातींनी एकमेकांची टर उडवायची, असा रिवाजच आहे.

"बा जेरे, याच्यात उंदीर शिरू देऊ नका हं. नाहीतर कामधाम सोडून तुम्ही त्याच्याच मागे लागाल, जेवणाची सोय झाली म्हणून!"

"माकडं खाणाऱ्यांनी आम्हाला जेवण शिकवू नये, डॉक्टर," बा जेरे म्हणाला आणि माझी वायर जोडू लागला.

ते दिवस सुखाचे होते. मग एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. मका उभ्या उभ्या करपला. लोकांच्या हाती उरला तो फक्त कडू कसावा. ते कंद पाण्यात नीट मुरावे लागतात, तेव्हा कुठे त्यांतले विष उतरते. पण घरात पोरे भुकेने रडत असताना कोणती आई इतके दिवस थांबेल?

आणि मुले येऊ लागली. कासुबा बापाच्या सायकलवर मागे बसून आली. आदल्या संध्याकाळी दोरीवरून उड्या मारणारी ही मुलगी सकाळी उठली, ती पाय काठीसारखे ताठ होऊन. कोणीतरी करणी केली, असे शेजारणींनी तिच्या आईच्या मनात भरवले होते. डॉक्टरांनी मागून चालत आलेल्या आईला, बाना कासुबाला, माझ्यासमोरच्या बाकावर बसवले.

"करणीबिरणी काही नाही, बाना कासुबा. याला कोन्झो म्हणतात. कसावा अर्धवट मुरला की होतो."

"बरी होईल ना?"

"याहून बिघडणार नाही. पण पाय पहिल्यासारखे सरळ होणार नाहीत."

तिने आपले दोन्ही हात पुढे धरले. "म्हणजे मीच घातलं तिला. याच हातांनी कसाव्याच्या पिठाची उब्वाली ढवळून, मीच वाढलं."

डॉक्टरांनी ते हात आपल्या हातांत घेतले.

आसपासच्या गावांत डॉक्टर स्वतः जाऊन कसावा पुरता मुरवायला सांगून आल्या. पण खरी वस्ती होती दलदलीच्या पलीकडे, होडीनेच पोचता येईल अशा ठिकाणी. तिथे माणसे हवीत, होड्या हव्यात, आणि उपदेशाबरोबर पोटाला काही हवे. त्यांनी आरोग्य कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"डॉक्टर, तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मी धान्य कसं हलवू?" साहेब म्हणाले. "कुठे छापून आलंय का हे? छापील काही दाखवा, मग मला वर बोलता येईल."

म्हणून डॉक्टर लिहायला बसल्या. इंटरनेटवरच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात लेख द्यायचे त्यांनी ठरवले. रुग्ण तपासायचे, येऊन दोन वाक्ये टंकायची, पुन्हा पळायचे. माझ्या आयुष्यात इतके महत्त्वाचे काम मी कधी केले नव्हते. छायाचित्रांसाठी पालकांची संमती हवी होती. बाना कासुबा सही करायला आली.

"तिचं नाव येईल ना?"

"नाही हो. नियम आहे. 'सात वर्षांची मुलगी' एवढंच."

"मग चेहरा तरी दाखवा. कोणाची तरी लेक आहे हे कळू दे."

"चेहराही झाकावा लागतो."

ती कसनुशी हसली. "म्हणजे पायच तेवढे पाठवणार तुम्ही," असे म्हणून तिने सही केली.

मित्रांनो, इथले इंटरनेट लहरी आहे. लेख पाठवायला घेतला की माझ्या पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची. बा जेरे पुठ्ठ्याने मला वारा घालायचा. पट्टी भरत आली की वीज जायची आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार. पुन्हा पहिल्यापासून. कितीदा असे झाले! शेवटी एका दुपारी लेख गेला. बा जेरेने खुर्चीभोवती नाच केला.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. ते आधी माझ्यापाशीच आले, म्हणून डॉक्टरांच्या आधी मला कळले. ते मी लपवू शकलो नाही, मऊ करू शकलो नाही. जसे आले तसेच समोर धरले. 'हा आजार जाणकारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. लेखात नवीन काही नाही.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. मग हळूच म्हणाल्या, "आजार जुनाच आहे, बा जेरे. मुलं नवी आहेत."

त्याच आठवड्यात दलदलीपलीकडून एक होडी आली. तिच्यातून मुलांना उचलूनच उतरवावे लागले.

मग लेख दुसऱ्या, लहान नियतकालिकाकडे गेला. त्यांनी तक्ते वेगळे मागितले, संदर्भ त्यांच्या पद्धतीने मागितले. मग लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी रक्ताची एक तपासणी मागितली, जी आमच्या जवळपास कुठेच होत नाही. डॉक्टरांनी सगळ्याला शांतपणे उत्तरे लिहिली. त्या धावपळीत माझा पंखा बंद पडला आणि मी मधूनमधून विझू लागलो. एकदा तर त्यांनी माझ्यावर डोके टेकले आणि म्हणाल्या, "अरे, एवढं झालं की मग मर." मी खूप प्रयत्न केला. लेख स्वीकारल्याचे पत्र आले ते शेवटी नव्या लॅपटॉपवर, आणि मला टॉवेल मिळाला.

छापून आल्यावर साहेबांचा फोन स्वतःहून आला. "अभिनंदन, डॉक्टर! आता माणसं पाठवतो, धान्य पाठवतो."

"पाठवा," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता पाऊस झालाय, साहेब. मका हाती आलाय. सध्या नवीन मुलं येत नाहीत. आहेत ती आहेत."

परवा कासुबा आली. दोन काठ्या टेकत, चवड्यांवर चालत. बा जेरेने तिला लॅपटॉपवर लेख दाखवला. तिने तो नीट पाहिला. वाचता काही आले नसावे.

"बा जेरे, हे आता सगळ्यांना कळलं?"

"जगभर."

"मग पुढच्या वेळी पाऊस नाही आला, तर कोणाला असं होणार नाही ना?"

बा जेरेने लॅपटॉप मिटला आणि तिला बसायला खुर्ची पुढे ओढली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. यंत्राला वाईट वाटत नाही. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी संपादक, कोणी साहेब व्हाल. तेव्हा दूरच्या एखाद्या दवाखान्यातून, मोडक्या यंत्रावरून, रुग्ण तपासता तपासता कोणी लिहिलेले काही तुमच्या हाती आले, तर ते उद्यावर टाकू नका. ते तिथून निघते तेव्हाच उशीर झालेला असतो.